पहिल्या अक्षराच्या आधी

यंत्राला वीज मिळणे आणि त्याच्या पडद्यावर पहिले अक्षर उमटणे या दोन घटनांमध्ये काही काळ जातो, ही गोष्ट सामान्य वापरणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. तो काळ सेकंदाच्या एका लहानशा अंशाचा असतो. परंतु यंत्राची आद्य आज्ञावली लिहिणे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचे आठवडेच्या आठवडे त्या अंशात व्यतीत होतात. त्या काळात यंत्र जागे असते, पण त्याला वाचा नसते. काही चुकले तर काय चुकले हे सांगण्याचे साधनच अद्याप उभे राहिलेले नसते. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रदेश परका वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः मौनाचा अर्थ कसा लावावा आणि लावलेला अर्थ चुकला तर त्याचे ओझे कोणी वाहावे, हे दोन्ही प्रश्न त्याच्या नित्य परिचयाचे आहेत. नोएडातील एका छोट्या प्रयोगशाळेत जानेवारी २०२४ मध्ये घडलेला एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

दिल्लीच्या पूर्वेस यमुना ओलांडली की उत्तर प्रदेशाची हद्द लागते. तेथे १९७६ साली नव्या ओखला औद्योगिक विकासासाठी एक प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘नोएडा’ हे शहराचे नाव रूढ झाले. पुढे या परिसरात इलेक्ट्रॉनिक चिपांचे आराखडे करणारी मोठी केंद्रे आली. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र ग्रेटर नोएडात आहे. फ्रीस्केलचे नोएडात होते. ती कंपनी २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली. चिप तयार झाली म्हणजे तिला प्रथम जागे करणारी आज्ञावलीही कोणीतरी लिहावी लागते. साहजिकच ‘यू-बूट’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त बूटलोडरच्या इतिहासात या परिसरातील अभियंत्यांचे हात ठिकठिकाणी दिसतात. एसटीच्या स्पीअर मालिकेतील चिपांसाठी आवश्यक असा भाग २०१० मध्ये त्यात समाविष्ट झाला, तो याच परिसरातील अभियंत्यांनी लिहिलेला होता.

यू-बूटची वंशावळ एखाद्या पोथीच्या परंपरेसारखी सांगता येते. माग्नुस डाम यांच्या ‘८एक्सएक्सरॉम’ या आज्ञावलीच्या आधारे वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने ‘पीपीसीबूट’ हा प्रकल्प सुरू केला आणि २००२ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. जर्मन भाषेत या नावाचा अर्थ पाणबुडी असा होतो. डेंक २०२२ मध्ये निवर्तले. परंतु अनेक देशांतील लेखनिक त्या संहितेत आजही भर घालीत आहेत, जुने पाठ वगळीत आहेत, नवे स्वीकारीत आहेत. घराघरांतील राउटरपासून कारखान्यांतील नियंत्रक पेट्यांपर्यंत असंख्य यंत्रे दररोज सकाळी प्रथम याच आज्ञावलीचे पठण करतात.

नोएडातील ज्या छोट्या कंपनीत हा प्रसंग घडला, तेथे विजेच्या उपकेंद्रांतील मोजमापे गोळा करणाऱ्या पेट्या तयार होत असत. त्या पेटीतील यू-बूटची जबाबदारी एका मराठी अभियंत्याकडे होती. तो मूळचा कराडकडचा. दहा-बारा वर्षांपूर्वी उत्तरेत आला आणि इंदिरापुरममधील एका सदनिकेत स्थिरावला. वृत्तीने सावध, बोलण्यात तुटक, लिहिण्यात मात्र अतिशय नेटका अशी त्याची ख्याती होती. त्याने लिहिलेला अहवाल सहसा कोणी परत तपासत नसे. पुढे जे घडले त्यात या ख्यातीचा वाटा थोडा नव्हता.

पेटीच्या नव्या आवृत्तीचे पाच नमुना-बोर्ड तयार झाले होते. त्यांवरील प्रोसेसर ऐनवेळी बदलावा लागल्यामुळे जुना काढून नवा बसवण्याचे नाजूक काम हाताने करावे लागले. ते केले बुलंदशहराकडच्या एका तंत्रज्ञाने. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमध्ये दूरचित्रवाणी संच दुरुस्त करता करता त्याचा हात तयार झाला होता. प्रयोगशाळेच्या कडेला, सूक्ष्मदर्शक आणि गरम हवेचे यंत्र घेऊन तो बसत असे. तो कंपनीचा नोकर नव्हता. त्याला दर बोर्डामागे मजुरी मिळे.

पाचही बोर्ड अभियंत्याच्या टेबलावर आले. वीज दिली की हिरवा दिवा लागे. परंतु संगणकाच्या पडद्यावर त्यांच्याकडून एकही अक्षर येत नसे. दोन दिवस त्याने केबल बदलून पाहिल्या, वीजपुरवठा बदलून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्याने प्रत्येक बोर्डावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर ‘मृत’ असे लिहिले आणि अहवाल पाठवला: पाचही नमुने मृत, संभाव्य कारण, हातकामातील दोष. त्या एका वाक्याचा परिणाम असा झाला, की तंत्रज्ञाची पाच बोर्डांची मजुरी रोखण्यात आली आणि पुढच्या खेपेचे काम दुसरीकडे देण्याचे ठरले.

हे मौन कोणत्या जातीचे होते, हे समजण्यासाठी यंत्राच्या जागे होण्याचा क्रम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वीज मिळताच प्रोसेसर स्वतःच्या अंगात कोरलेली एक अल्पशी आज्ञावली चालवतो. ती बाहेरच्या साठ्यातून दुसरी, थोडी मोठी आज्ञावली प्रोसेसरच्या आतील तोकड्या स्मृतीत आणते. ही दुसरी आज्ञावली बोर्डावरची मुख्य स्मृती कामास लावते आणि पूर्ण बूटलोडरला तेथे पाचारण करते. बूटलोडरही प्रथम उंबरठ्यावरच उभा राहतो. आवश्यक तेवढी व्यवस्था लागल्यावर स्वतःची प्रत स्मृतीच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवतो, मग तेथून उरलेले काम करतो आणि अखेरीस लिनक्ससारख्या प्रणालीच्या हाती कारभार देऊन बाजूला होतो. स्वतःची प्रत हलवण्यापूर्वीचा जो काळ, तो सर्वांत बिकट. त्या वेळी जागा तोकडी असते, बहुतेक उपकरणे निद्रिस्त असतात आणि नेहमीच्या लेखनातले पुष्कळसे संकेत निषिद्ध असतात.

या सर्व काळात बाह्य जगाशी संवादाचा एकच मार्ग असतो, तो सिरियल कन्सोलचा. एका तारेने यंत्र बोलते, दुसरीने ऐकते आणि तिसरी दोन्ही बाजूंना समान पातळी देते. प्रत्येक अक्षराचे आठ बिट, त्यांच्या आधी आरंभाचा एक आणि शेवटी विरामाचा एक, असे दहा बिट एकामागून एक तारेवरून जातात. सेकंदाला १,१५,२०० बिट ही प्रचलित गती धरली, तर सेकंदाला ११,५२० अक्षरे होतात आणि एका बिटाच्या वाट्याला सुमारे ८.६८ मायक्रोसेकंद येतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की अक्षरांबरोबर ताल पाठवला जात नाही. बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने गती आधीच ठरवून घेतलेली असावी लागते. आरंभाचा बिट दिसताच ऐकणारा मनाशी मोजू लागतो आणि ठरलेल्या अंतराने तारेकडे पाहतो. दोघांच्या मोजण्यात शेकडा दोन-तीनांचा फरक सहसा खपून जातो. शेकडा पाचांच्या आसपास गेला, की शेवटचे बिट चुकीच्या घरात पडू लागतात. अशा गतीच्या एककाला ‘बॉड’ म्हणतात, ते एमिल बोदो या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तारयंत्र-अभियंत्याच्या नावावरून.

तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला आणखी एक संकेत येथे लक्षात घेण्यासारखा आहे. कोणी बोलत नसते तेव्हा ही तार रिकामी नसते; तिच्यावरची विद्युत्पातळी उंच धरून ठेवलेली असते. बोलण्याचा आरंभ पातळी खाली आणून होतो. जुन्या तारमार्गांवर संदेश नसतानाही प्रवाह वाहता ठेवीत, म्हणजे मार्ग शाबूत असल्याची खात्री राही आणि तार तुटली तर ते लगेच कळे. संदेश नसणे आणि मार्ग तुटणे या दोन अवस्था वेगळ्या ओळखता याव्यात, एवढी काळजी त्या पद्धतीने घेतली होती. अहवाल लिहिणाऱ्याने ती घेतली नव्हती.

मजुरी रोखल्याचे कळल्यावर तंत्रज्ञ अभियंत्याच्या टेबलाशी आला. त्याने आवाज चढवला नाही. एक बोर्ड उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, मग वीज देऊन प्रोसेसरवर बोट ठेवले आणि अभियंत्यालाही ठेवायला सांगितले. चिप कोमट होती. मग तो एवढेच म्हणाला, “साहब, हाथ की ग़लती पाँच जगह एक-सी नहीं होती।”

या एका वाक्यात जो युक्तिवाद आहे, तो या नियतकालिकाच्या वाचकांना ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा हा पायाच होय. निरनिराळ्या लेखनिकांनी निरनिराळ्या ठिकाणी केलेल्या प्रतींत तोच विशिष्ट प्रमाद आढळला, तर तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला असे सहसा मानीत नाहीत. ज्या मूळ प्रतीवरून त्या सर्व उतरल्या, तिच्यातच तो असावा असे अनुमान करतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितांची कुळे लावताना अशाच समान पाठांचा आणि समान प्रमादांचा शोध घ्यावा लागला. १९२५ पासून त्या कार्याची धुरा वाहणारे वि. सी. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेले होते, ही गोष्ट या संदर्भात सहज आठवते. बुलंदशहराच्या कारागिराने यांपैकी कोणाचेही नाव ऐकले नसेल. पाच टाके सारखेच बिघडत नाहीत, हे त्याला त्याच्या बोटांनी शिकवले होते.

अर्थात हा युक्तिवाद निर्णायक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पाचही बोर्ड एकाच हाताखालून गेले होते. एखाद्या लेखनिकाची खोड असावी तसा एखादा दोष त्या हातालाच असेल, उदाहरणार्थ गरम हवा प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त वेळ धरली गेली असेल, तर तो पाचही ठिकाणी सारखाच उतरू शकतो. अभियंत्याने हाच आक्षेप घेतला. परंतु आक्षेप घेताना त्याच्या लक्षात आले, की पाचही बोर्डांमध्ये समान असलेल्या गोष्टी दोन आहेत. एक तो हात. दुसरी त्यांत भरलेली आज्ञावली. आज्ञावली त्याची स्वतःची होती आणि तिची चौकशी त्याने अद्याप केलेलीच नव्हती. जुन्या बोर्डावर ती व्यवस्थित बोलत असे, एवढ्यावर त्याने तिला निर्दोष मानले होते.

त्या शनिवारी दोघे पुन्हा बसले. बाहेर धुके इतके दाट होते, की समोरच्या इमारतीचे मजले मोजता येत नव्हते. यू-बूटमध्ये अशा प्रसंगांसाठी एक वेगळी सोय ठेवलेली आहे. नेहमीचे कन्सोल उभे राहण्यासाठी कितीतरी गोष्टी आधी जुळाव्या लागतात. या आडवाटेला त्यांची गरज नसते. सिरियल यंत्रणेचा पत्ता आणि तिला मिळणाऱ्या क्लॉकची वारंवारता या दोनच गोष्टी आज्ञावलीत आकड्यांनी लिहून ठेवायच्या, पिनांची नेमणूक करणाऱ्या चार ओळी घालायच्या, आणि अगदी आरंभीच एखादे अक्षर सरळ तारेवर टाकायचे. हे मार्ग दाखवण्यापुरते असते. त्यात नजाकत काहीच नाही. तिकडे तंत्रज्ञाने बोर्डावरच्या मोहरीएवढ्या बिंदूला केसाएवढी तार जोडून दिली आणि तिचे दुसरे टोक ऑसिलोस्कोपला लावले.

वीज देताच पडद्यावर काहीतरी उमटले. ती अक्षरे नव्हती. प्रश्नचिन्हे, तुटक चौकोन आणि निरर्थक खुणा यांची एक ओळ होती. एरवी असा मजकूर पाहिला की माणूस वैतागतो. अभियंता मात्र खुर्चीवरून उठून उभा राहिला. कारण निरर्थक का होईना, पण काही येत होते, याचा अर्थ प्रोसेसर चालत होता, स्मृती लागली होती, आणि टाके शाबूत होते. जो ‘मृत’ म्हणून नोंदवला गेला होता, तो काहीतरी बोलत होता. ऐकणाऱ्याला ते लागत नव्हते इतकेच.

मराठी वाङ्मयेतिहासात याला जवळचे उदाहरण महानुभावांचे आहे. तेराव्या शतकापासूनचे त्यांचे विपुल गद्य आणि पद्य सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. पंथाच्या मठांतून, दूर पंजाबापर्यंत, त्या पोथ्या शतकानुशतके लिहिल्या आणि वाचल्या जात होत्या; परंतु पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या दृष्टीने त्या नसल्यासारख्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदींच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांची उकल झाली, आणि मराठी गद्याचा आरंभ कोठे मानावा या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोवर जे मौन समजले गेले, ते वाचणाऱ्याच्या बाजूचे होते.

ऑसिलोस्कोपवर एका बिटाची रुंदी मोजली, तेव्हा ती ८.६८ ऐवजी सुमारे ४.३३ मायक्रोसेकंद भरली. बोर्ड ठरल्याच्या दुप्पट वेगाने बोलत होता. कारण लगेच उमगले. सिरियल यंत्रणा आपल्याला मिळालेल्या क्लॉकचे भाग पाडून गती साधते. क्लॉक २४ मेगाहर्ट्झचे आहे असे समजून आज्ञावलीने १३ हा भाजक ठेवला होता. जुन्या बोर्डावर ते खरेही होते. नव्या बोर्डावर कन्सोल दुसऱ्या सिरियल मार्गावर नेलेले होते आणि त्या मार्गाला ४८ मेगाहर्ट्झ मिळत होते. भाजक २६ हवा होता. आकडा दुरुस्त करून वीज दिली, आणि पडद्यावर स्वच्छ इंग्रजी अक्षरांत एक वाक्य आले: ‘नो सिरियल ड्रायव्हर फाउंड’. सिरियल मार्गाने बोलू शकणारा कोणी सापडला नाही, असा त्याचा अर्थ.

या वाक्यापाशी क्षणभर थांबणे योग्य ठरेल. यू-बूटला आरंभीच कन्सोलचा चालक शोधावा लागतो. तो न सापडल्यास ही बाब गंभीर समजून ती निवेदन करावी आणि यंत्र थांबवावे किंवा पुन्हा सुरू करावे, अशी तजवीज आहे. परंतु निवेदन करायचे कोणत्या मार्गाने? जो मार्ग सापडला नाही, त्याच मार्गाने. त्यामुळे आडवाट आधीच खुली केलेली नसेल, तर हे वाक्य उच्चारले जाऊनही कोणाच्या कानी पडत नाही. या पाच बोर्डांची स्थिती नेमकी तीच होती. थोडा वेळ थांबून यंत्राने पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी, असे त्यांच्या आज्ञावलीत होते. म्हणजे टेबलावर ‘मृत’ अशी पट्टी घेऊन पडलेला प्रत्येक बोर्ड, वीज चालू असेपर्यंत, जागा होत होता, वाचा शोधत होता, ती सापडत नाही असे सांगू पाहत होता, आणि पुन्हा आरंभाकडे जात होता. हिरव्या दिव्यात यातले काहीच दिसत नव्हते.

मूळ प्रमाद शोधायला मग अर्धा तासही लागला नाही. बोर्डावर कोणकोणती उपकरणे आहेत, ती कोठे आहेत आणि कोणावर अवलंबून आहेत, याची एक वंशावळीसारखी यादी यू-बूटला द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. आरंभीच्या तोकड्या जागेत ही सर्व उपकरणे उभी करणे परवडत नाही. म्हणून ज्यांची गरज प्रथमपासून आहे, त्यांच्या नोंदीपाशी एक खूण करावी लागते. २०२३ पासून या खुणा ‘बूटफेज’च्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जातात. अभियंत्याने नव्या बोर्डाची यादी लिहिताना सिरियल मार्गाच्या नोंदीपाशी खूण केली होती. ज्या क्लॉकवाचून तो मार्ग चालू शकत नाही, त्या क्लॉकच्या नोंदीपाशी मात्र ती करायची राहून गेली होती. बोलणाऱ्याला पाचारण केले होते, पण त्याला ताल देणाऱ्याला केले नव्हते. एक ओळ राहिली होती. ती सर्व प्रतींच्या मूळ प्रतीतच राहिली होती, म्हणून पाचही प्रती सारख्याच मुक्या झाल्या. ओळ घातली, आज्ञावली पुन्हा सिद्ध केली, आणि पाचही बोर्ड एकामागून एक बोलू लागले. टाका एकाचाही बिघडलेला नव्हता.

तांत्रिक कथा येथे संपते. परंतु दोष दुरुस्त झाला म्हणजे त्याच्या नावाने लिहिलेले दुरुस्त होते असे नाही. पहिला अहवाल पाच-सहा जणांकडे गेला होता. त्यातील ‘संभाव्य’ हे सावध विशेषण वाचणाऱ्यांनी केव्हाच गाळले होते, आणि ‘हातकामातील दोष’ एवढेच शब्द शिल्लक राहिले होते. पुढच्या खेपेचे काम ज्याच्याकडे जायचे ठरले होते, त्याच्याशी बोलणीही झाली होती. वाङ्मयेतिहासात एखाद्या मान्यवराने घाईने दिलेला कालनिर्णय पुढे खोडला गेला, तरी पाठ्यपुस्तकांतून तो पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतो. लेखनात नेटका म्हणून ज्याची ख्याती, त्याची चूक अधिक टिकाऊ असते. अभियंत्याला त्या शनिवारी संध्याकाळी हेच जाणवले असावे. कारण बोर्ड बोलू लागल्यावरही तो आनंदलेला दिसला नाही. आपण त्या मौनाला कारण दिले, ते त्यातल्या त्यात दुर्बळ माणसाच्या अंगावर ढकलून दिले, आणि स्वतःच्या लेखनाकडे सर्वांत शेवटी पाहिले, हा क्रम त्याच्या नजरेतून सुटण्यासारखा नव्हता.

तंत्रज्ञाने मजुरीची गोष्ट काढली नाही. त्याने विचारले ते वेगळेच. हे यंत्र पहिल्यांदा बोलते, तेव्हा ते इंग्रजीतच का बोलते? त्याला इंग्रजी अक्षरे लावता येत होती. वाक्याचा अर्थ मात्र लागत नसे. बोर्ड जिवंत आहे की नाही हे त्याला दर वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकावे लागे.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. सिरियल तारेला भाषेशी कर्तव्य नसते. ती आठ-आठ बिटांचे पुंज वाहून नेते. युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला असे तीन पुंज, म्हणजे तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. पलीकडच्या संगणकाला ते वाचता येत असले, म्हणजे झाले. अभियंत्याने त्या आडवाटेवर, बूटलोडरच्या अगदी आरंभी, एकच शब्द ठेवला: ‘ठीक’. ठ, दीर्घ ईकार आणि क, असे तीन वर्ण, नऊ बाइट, तारेवरचे नव्वद बिट. सगळे मिळून एका मिलिसेकंदाहून कमी वेळ. डिव्हाइस ट्री वाचण्याच्या आधी, चालक शोधण्याच्या आधी, यू-बूटची नेहमीची इंग्रजी नांदी उमटण्याच्या कितीतरी आधी तो शब्द येई. तो आला तर प्रोसेसर बसलेला आहे आणि त्याचे टाके निदान तेवढ्यापुरते तरी शाबूत आहेत. त्यानंतर काही बिघडले तर शोध प्रथम आज्ञावलीत घ्यायचा. बोर्ड हाती देण्यापूर्वी हा पुरावा आता तंत्रज्ञ स्वतःच पाहू शकत होता आणि त्यासाठी अभियंत्याच्या शब्दावर विसंबून राहण्याचे कारण नव्हते.

सोमवारी दुसरा अहवाल गेला. पहिला ज्यांना गेला होता, त्या सर्वांना तो पाठवला होता. राहून गेलेली ओळ कोणती, ती कोणाच्या हातून राहिली आणि पाचही बोर्ड सारखेच मुके का झाले, हे त्यात क्रमाने लिहिले होते. पाच ठिकाणी एकसारखी चूक हाताने होत नाही, हा मुद्दा प्रथम कोणी मांडला तेही लिहिले होते. मजुरी त्या महिन्याच्या अखेरीस मिळाली. पुढची खेप मात्र दुसरीकडेच गेली, कारण ते आधीच ठरून गेले होते; त्यानंतरची पुन्हा बुलंदशहराच्या हाताखाली आली.

बोर्डांवरच्या पट्ट्या अभियंत्याने त्याच दिवशी काढल्या. डिंकाचा डाग मात्र राहिला. पाचांपैकी एक बोर्ड तो अजूनही टेबलावर ठेवतो, आणि नवी यादी लिहून झाली की प्रथम त्याच्यावर चालवून पाहतो. त्याला वीज दिली की पडद्यावर आधी ते नऊ बाइट येतात.